टॉवरखालचं डिझेल आणि टॉवरवरचा माणूस

टेलिकॉम कंपनीच्या वार्षिक अहवालात पर्यावरणाचं प्रकरण एकीकडे असतं आणि कर्मचाऱ्यांचं दुसरीकडे. एकात कार्बनचे आलेख, दुसऱ्यात प्रशिक्षणाचे तास आणि समाधानाचे टक्के. प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये ही वाटणी टिकत नाही. जी साइट, म्हणजे टॉवर आणि त्याखालची उपकरणं, सगळ्यात जास्त डिझेल खाते, तिथेच टेक्निशियनला रात्री-अपरात्री सगळ्यात जास्त खेपा पडतात. ज्या शेल्टरचा (टॉवरखालच्या उपकरणांच्या खोलीचा) एसी वरचेवर बंद पडतो, तिथल्या बॅटऱ्या लवकर बसतात आणि तीस-चाळीस किलोचे सेल उतरवायला-चढवायला माणसं पाठवावी लागतात. कंपनी पर्यावरणाबद्दल किती गंभीर आहे आणि तिथे नोकरी करणं किती चांगलं, या दोन्हींचं उत्तर साइटवरच मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

वीज जाते कुठे

मोबाइल नेटवर्कला लागणाऱ्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश वीज रेडिओच्या भागात, म्हणजे बेस स्टेशनांवर खर्च होते. कोअर नेटवर्क (कॉल आणि डेटा जोडणारी मध्यवर्ती यंत्रणा), डेटा सेंटर, कार्यालयं हे सगळं उरलेल्या पावहिश्शात. मुख्यालयाच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवणं चांगलंच. पण अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो असेल, तर आत साइटचे आकडे आहेत का, ते आधी बघावं.

साइटवरची उपकरणं उणे 48 व्होल्ट डीसीवर चालतात. बाहेरून आलेली एसी (प्रत्यावर्ती) वीज रेक्टिफायर डीसीत बदलतो आणि तोच बॅटरी बँकही चार्ज ठेवतो. पहिली गळती इथे. जुने रेक्टिफायर 90 ते 92 टक्के कार्यक्षमतेचे असायचे, नवे 96 टक्क्यांच्या वर जातात. चार-पाच टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण तो वर्षाचे 8,760 तास चालू असतो. वाया गेलेली वीज उष्णता होऊन शेल्टरमध्येच साठते आणि ती बाहेर काढायला एसी पुन्हा वीज खातो. त्यात आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. रेक्टिफायर साधारण अर्ध्या ते पाऊण लोडवर सगळ्यात चांगलं काम देतो. चार मॉड्यूल प्रत्येकी 15 टक्के लोडवर चालवण्यापेक्षा दोन झोपवून दोनवर भार द्यावा आणि पाळी बदलत राहावी, ही सोय बहुतेक आधुनिक कंट्रोलरमध्ये असते. बसवणाऱ्याने ती चालू केलेली नसते, एवढंच.

दुसरी गळती फीडर केबलची. रेडिओ खाली शेल्टरमध्ये, अँटेना वर, मधे जाड कोअॅक्सियल केबल अशी जुनी रचना असेल, तर केबल आणि कनेक्टर मिळून 3 डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकतं. 3 डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती अँटेनापर्यंत पोहोचतच नाही. रेडिओ युनिट वर अँटेनाच्या पाठीशी नेलं की हे नुकसान जवळपास संपतं, आणि युनिट मोकळ्या हवेने थंड होत असल्यामुळे त्याच्यासाठी एसीही लागत नाही.

पण जे उपकरण पूर्वी जमिनीवर उभं राहून बदलता यायचं, त्यासाठी आता माणसाला 40 मीटर चढावं लागतं. वाचलेली वीज इथे थेट कुणाच्या तरी जोखमीत जमा होते. म्हणून रेडिओ वर नेणाऱ्या कंपनीने चढण्याआधीची तपासणी सक्तीची करायला हवी. आधी दुरून सॉफ्टवेअर रीसेट. मग खालचा डीसी ब्रेकर पाच मिनिटं बंद करून पुन्हा चालू. मग दोन्ही टोकांच्या एसएफपीवरची (फायबर जोडणाऱ्या मॉड्यूलवरची) ऑप्टिकल पॉवर, अँटेना पोर्टवरचा व्हीएसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) आणि युनिटला पोहोचणारा व्होल्टेज. पॉवर केबल लांब आणि बारीक असेल, तर बॅटरीवर चालताना वरचा व्होल्टेज इतका उतरतो की युनिट स्वतःहून बंद पडतं. तो दोष युनिटचा नसतो आणि नवं युनिट वर नेऊन जातही नाही.

एका साइटचा हिशेब

एक साइट घेऊ. सरासरी डीसी लोड दीड किलोवॉट, ग्रिडची वीज नाही, 15 केव्हीएचा डिझेल जनरेटर चोवीस तास चालू. 15 केव्हीए म्हणजे साधारण 12 किलोवॉट. त्याच्यावर लोड जेमतेम 15 टक्के. अशा हलक्या लोडवरही इंजिन तासाला 1.3 लिटरच्या आसपास डिझेल पितं, कारण बरंचसं इंधन इंजिन स्वतः फिरत राहण्यातच जातं. दिवसाला 31 लिटर झाले. वर इंजिनाचं नुकसान वेगळं. 30 टक्क्यांपेक्षा कमी लोडवर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये चिकटत जाते, नोझल खराब होतात, ऑइल लवकर काळं पडतं.

आता तिथेच लिथियम आयर्न फॉस्फेटची 35 युनिट (किलोवॉट-अवर) क्षमतेची बॅटरी बसवा, म्हणजे 48 व्होल्ट 100 अँपिअर-अवरचे सात मॉड्यूल. जनरेटर दिवसातून फक्त पाच तास चालवायचा. त्या पाच तासांत तो साइटचा दीड किलोवॉट उचलतो आणि जवळजवळ सहा किलोवॉटने बॅटरी भरतो. उरलेले 19 तास साइट बॅटरीवर. जनरेटरवर आता साडेसात-आठ किलोवॉटचा, म्हणजे 60 ते 65 टक्के लोड येतो. या टप्प्यात छोटा जनरेटर एका लिटरमागे साधारण तीन युनिट देतो. दिवसाचं डिझेल 13 लिटरवर येतं. 18 लिटर वाचले. एक लिटर डिझेल जळल्यावर साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दिवसाला 48 किलो आणि वर्षाला एका साइटमागे 17 टनांच्या वर.

या हिशेबातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा डिझेलचा नाही. अशा जनरेटरचं ऑइल आणि फिल्टर बहुधा दर 250 तासांनी बदलतात. चोवीस तास चालणाऱ्या जनरेटरला वर्षात 35 वेळा सर्व्हिसिंग लागतं, पाच तास चालणाऱ्याला सात वेळा. शिवाय डिझेल पोहोचवायच्या खेपा निम्म्याहून कमी होतात. त्या 28 खेपा कुणीतरी गाडीने, खराब रस्त्याने, बऱ्याचदा एकट्याने करत असतं. कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात हा आकडा कुठेच नसतो, आणि खरं तर त्याची जागा तिथेच आहे.

फसतं कुठे, तेही सांगायला हवं. बॅटरी नवी येते, रेक्टिफायर जुनाच राहतो. साइट आणि चार्जिंग मिळून 7.2 किलोवॉटसाठी 54 व्होल्टवर 133 अँपिअर लागतात. साइटवर दोनच 2 किलोवॉटचे मॉड्यूल असतील, तर बॅटरी भरायला दहा-अकरा तास लागतात आणि अपेक्षित बचत हाती येत नाही. 3 किलोवॉटचे तीन आणि वर एक जादा, असं धरूनच खरेदी करावी. दुसरं, कंट्रोलरमधली चार्जिंग करंटची मर्यादा लेड-ॲसिडच्या जुन्या आकड्यावर तशीच राहते. तिसरं, पैसे वाचवायला लेड-ॲसिड बँकच अशा रोजच्या चक्राला लावली जाते. लेड-ॲसिड शेवटचे वीस टक्के फार हळू भरते. करंट उतरत जातो, जनरेटर पुन्हा हलक्या लोडवर तासन् तास चालतो. आणि घाईने जनरेटर आधीच बंद केला, तर प्लेटांवर सल्फेट धरून बँक वर्ष-दीड वर्षात बसते.

सोलरबद्दल थोडं सबुरीने बोलायला हवं. दीड किलोवॉट सतत म्हणजे दिवसाला 36 युनिट. बऱ्या उन्हात एक किलोवॉट पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे नुसती सरासरी गाठायला 9 किलोवॉट हवेत, ढगाळ दिवस आणि बॅटरीतलं नुकसान धरून 12 ते 14. तेवढ्या पॅनेलांना 60-70 चौरस मीटर जागा लागते आणि टॉवरच्या कुंपणात ती सहसा नसते. 4 किलोवॉट बसवले तर रोजचे पाचेक लिटर डिझेल आणखी वाचतं. हे उद्दिष्ट प्रामाणिक आहे. पॅनेल टॉवरच्या कुठल्या बाजूला लावायचे, यावर फार कमी लोक विचार करतात. ते टॉवरच्या विषुववृत्ताकडच्या बाजूला हवेत. उलट बाजूला लावले तर टॉवरची सावली दिवसभर पॅनेलांवरून फिरते, आणि सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर पडलेली अरुंद सावलीही अख्ख्या साखळीचं उत्पादन खाली खेचते.

थंडावा

व्हीआरएलए म्हणजे सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर मोजलेलं असतं. त्यावर दर 8 ते 10 अंशांना ते निम्मं होतं. उलट रेडिओ आणि ट्रान्समिशनची बहुतेक उपकरणं 40 अंशांपर्यंत बिनतक्रार चालतात. तरी अख्खं शेल्टर 22-25 अंशांवर ठेवलं जातं, फक्त बॅटरीसाठी. उपाय साधा आहे: बॅटरीला स्वतंत्र छोटी थंड कॅबिनेट द्यावी आणि उरलेल्या जागेचं तापमान 30-35 पर्यंत जाऊ द्यावं. मग बाहेरची हवा फिल्टरमधून आत घेणारे डीसी पंखे वर्षातला बराच काळ पुरतात आणि एसी फक्त भर उन्हाळ्यात चालतो. फिल्टर मात्र ठरल्या दिवशी साफ झालेच पाहिजेत. तुंबलेल्या फिल्टरमुळे पंखा पूर्ण वेगाने फिरूनही हवा येत नाही, एसी चालू होतो आणि बचत संपते. फिल्टरच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक सांगणारा सेन्सर बसवला, तर नुसतं बघायला कुणाला पाठवावं लागत नाही.

एसीतला वायू हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. आर-410ए या वायूचा एक किलो हवेत सुटला, तर परिणाम सुमारे 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजे जवळपास 780 लिटर डिझेल जाळल्याइतका. आर-32 साठी हाच आकडा 675. टेक्निशियन येतो, गॅस भरतो, जातो. पुढच्या सीझनला पुन्हा तेच. गॅस संपत नसतो, तो गळत असतो. म्हणून भरण्याआधी नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधणं आणि भरलेलं वजन साइटच्या नावावर लिहिणं, हे करारातच असावं. कोणत्या साइटवर किती किलो भरला, हे कंपनीला सांगता येत नसेल, तर तिच्या स्कोप 1 च्या (स्वतःच्या थेट उत्सर्जनाच्या) आकड्यावर विश्वास ठेवणं मला अवघड जातं.

झोपणारे सेल आणि जागा राहणारा इंजिनिअर

रात्री ट्रॅफिक उतरतं तेव्हा रेडिओचे काही भाग झोपवता येतात. अगदी थोड्या वेळासाठी पॉवर ॲम्प्लिफायर बंद करणं, 64 पैकी 32 ट्रान्समीटर थांबवणं, जादा कॅरियर (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) पूर्ण बंद करून फक्त कव्हरेजचा बँड ठेवणं, असे टप्पे असतात. 4जीमध्ये सेलला, म्हणजे एका टापूला सेवा देणाऱ्या रेडिओला, रेफरन्स सिग्नल दर मिलिसेकंदाला पाठवावाच लागतो, त्यामुळे झोपायला सवड कमी. 5जीमध्ये मुख्य सिग्नलचा समूह सर्वसाधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी जातो आणि हे अंतर 160 पर्यंत वाढवता येतं. 5जीची खरी काटकसर या रिकाम्या वेळात आहे. पण ती सेटिंग चालू केली तरच.

ती चालू का केली जात नाही, याचं कारण तांत्रिक नसतं. रेडिओ इंजिनिअरचं मूल्यमापन कॉल ड्रॉप, थ्रूपुट (डेटाचा वेग) आणि सेलच्या उपलब्धतेवर होतं. विजेचं बिल दुसऱ्या विभागाच्या खात्यात जातं. सेल झोपवला की उपलब्धतेचा टक्का घसरलेला दिसतो आणि जाब त्यालाच विचारला जातो. त्याने सेटिंग बंद ठेवली तर त्याला दोष देता येणार नाही. हे सोडवायला दोन गोष्टी कराव्या लागतात. ठरवून झोपवलेला सेल उपलब्धतेच्या गणितातून वगळायचा, आणि साइटमागे वाचलेले युनिट त्याच टीमच्या उद्दिष्टात घालायचे. सोबत झोपवण्याचे थ्रेशोल्ड (किती ट्रॅफिकखाली झोपवायचं ते आकडे) साइटनिहाय हवेत. स्टेशन, हॉस्पिटल, मैदान इथल्या रात्री वेगळ्या असतात.

तिसरी गोष्ट नेटवर्क ऑपरेशन सेंटरसाठी, म्हणजे नेटवर्कवर सतत लक्ष ठेवणाऱ्या केंद्रासाठी. झोपवलेल्या प्रत्येक सेलचा अलार्म उठत असेल, तर रात्रपाळीच्या माणसासमोर हजारो निरर्थक ओळी येतात आणि खरा बिघाड त्यात हरवतो. प्रक्रिया उद्योगात अलार्मसाठी ईईएमयूए 191 नावाची मार्गदर्शिका वापरतात. तिच्यानुसार एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एक अलार्म नीट हाताळता येतो. टेलिकॉमच्या स्क्रीनवर एवढी शांतता दुर्मीळ, पण कुठे पोहोचायचंय ते तरी यातून कळतं. साइटची वीज गेली की तिच्यामागे येणारे वीस अलार्म एकाच तिकिटात गुंडाळायचे. नुसती माहिती देणारे संदेश अलार्मच्या यादीतून काढायचे. दर आठवड्याला सगळ्यात जास्त वाजलेले दहा अलार्म घेऊन त्यांचं मूळ कारण बंद करायचं. यातलं निम्मं झालं तरी विनाकारण पाठवलेल्या गाड्या कमी होतात.

घरातला छोटा डबा

फायबरच्या बाजूला चित्र बरंच चांगलं आहे. जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर पोहोचवण्याच्या एका पद्धतीत, एक्स्चेंजमधल्या ओएलटीपासून (मुख्य उपकरणापासून) ग्राहकाच्या घरापर्यंत मधे फक्त वीज न लागणारे स्प्लिटर असतात. एका फायबरवर 32 किंवा 64 घरं. तांब्याच्या जाळ्यात रस्त्याच्या कडेला वीज, पंखे आणि बॅटऱ्या असलेले कॅबिनेट लागतात, ते इथे नाहीत.

पण घरातला राउटर चोवीस तास चालू असतो. 8 वॉट धरले तर वर्षाला 70 युनिट. दहा लाख ग्राहक म्हणजे 7 कोटी युनिट. ही वीज ग्राहकाच्या बिलात जाते, कंपनीच्या नाही, म्हणून खरेदी करताना तिचा विचार मागे पडतो. निविदेत रिकामं असतानाचे वॉट, ॲडॉप्टरची कार्यक्षमता आणि रात्री वायफाय आपोआप मंदावण्याची सोय, या तीन अटी घालता येतात. ओएनटी (फायबरचा सिग्नल घेणारा डबा) आणि राउटर असे दोन डबे देण्यापेक्षा एकच दिला की एक ॲडॉप्टरही कमी होतो.

परत आलेले डबे नीट करून पुन्हा वापरणं हे नव्याने बनवण्यापेक्षा कितीतरी चांगलं, फक्त ते शिस्तीत व्हावं लागतं. सिरियल नंबर स्कॅन करून जुन्या ग्राहकाशी जोडणी तोडायची. ग्राहकाचा डेटा पुसायचा आणि ठरलेलं फर्मवेअर नव्याने भरायचं. बटण दाबून केलेला फॅक्टरी रीसेट प्रत्येक मॉडेलमध्ये सगळं पुसतोच असं नाही. ॲडॉप्टर लोड देऊन तपासायचा, कारण बिनलोड 12 व्होल्ट दाखवणारा ॲडॉप्टर लोडवर 10 वर उतरू शकतो. "राउटर सारखा रीस्टार्ट होतो" या तक्रारीमागे पुष्कळदा फुगलेला कपॅसिटर किंवा थकलेला ॲडॉप्टर असतो, आणि चांगला राउटर भंगारात जातो. ही योजना सगळ्यात जास्त अडते ती डबा परत येण्यापाशी. पैसे भरलेलं लेबल, घरून उचलण्याची सोय आणि ॲडॉप्टरसह परत करण्याची स्पष्ट सूचना नसेल, तर डबे कपाटातच राहतात.

2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त 22.3 टक्के अधिकृतपणे गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. 1 जानेवारी 2025 पासून कचऱ्याच्या निर्यातीवरच्या बासेल करारानुसार बिनधोकादायक ई-कचराही देशाबाहेर पाठवताना घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते. कंपनीकडे शेवटच्या प्रक्रियेपर्यंतची कागदपत्रं असायला हवीत, भंगारवाल्याची पावती पुरत नाही. कामगारांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. जुन्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) ॲम्प्लिफायरमधल्या काही ट्रान्झिस्टरांत पांढरं बेरिलियम ऑक्साइड सिरॅमिक असतं. सोन्यासाठी ते फोडलं किंवा घासलं, तर त्याची धूळ फुप्फुसांचा बरा न होणारा आजार देते. अशी मॉड्यूल न उघडता, वेगळी ठेवून पाठवायची.

हिशेबातून निसटलेलं

ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलनुसार कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन आणि गळालेला वायू स्कोप 1 मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप 2 मध्ये, बाकी सगळी साखळी 15 गटांत स्कोप 3 मध्ये. स्कोप 2 दोन पद्धतींनी सांगायचा असतो: लोकेशन-बेस्ड म्हणजे ज्या ग्रिडमधून वीज आली तिच्या सरासरीनुसार, आणि मार्केट-बेस्ड म्हणजे करार आणि प्रमाणपत्रं धरून. मार्केट-बेस्ड शून्यावर आलेला आणि लोकेशन-बेस्ड वाढत चाललेला असेल, तर कंपनीने प्रमाणपत्रं घेतली, वीज मात्र वाचवलेली नाही. "प्रति जीबी ऊर्जा" हा आकडाही एकटा वाचू नये. ट्रॅफिक वाढत गेलं की तो आपोआप खाली येतो. एकूण युनिट किती, हे पाहावं. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या टेलिकॉम संस्थेच्या एल.1470 या 2020 च्या शिफारशीत या क्षेत्राने 2020 ते 2030 मध्ये उत्सर्जन 45 टक्क्यांनी उतरवण्याचा मार्ग दिला आहे. ती घट एकूण उत्सर्जनातली आहे, प्रति जीबी नव्हे.

आणि आता जिथे दोन्ही प्रकरणं अगदी एकाच रेषेवर येतात ती जागा. कंपनी आपले टॉवर दुसऱ्या कंपनीला विकते आणि भाड्याने वापरते. डिझेल तेवढंच जळतं, पण स्कोप 1 मधून उठून स्कोप 3 मध्ये जातं. टॉवरवर चढणारा माणूसही तिकडे जातो, आणि त्याच्यासोबत त्याचे अपघात कंपनीच्या आकड्यांतून जातात. दोन्ही आलेख एकाच वर्षी छान उतरतात आणि जमिनीवर काहीही बदललेलं नसतं. कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांसाठीचं जीआरआय 403 हे 2018 चं मानक म्हणूनच स्वतःचे कर्मचारी आणि कंपनीच्या नियंत्रणाखाली काम करणारे इतर कामगार, दोघांच्या दुखापती वेगवेगळ्या मागतं.

काम करण्याजोगी जागा

चांगली कॅन्टीन, मोकळी कार्यालयं, घरून काम ही सगळी सोय चांगलीच. टेलिकॉमचं मोठं काम मात्र उंचीवर, खड्ड्यात आणि रात्री होतं.

उंचीवर: फुल बॉडी हार्नेस, दोन टोकांची शॉक ॲब्झॉर्बर असलेली लॅनयार्ड (हार्नेस टॉवरला अडकवणारी दोरी), आणि एक हुक लागल्याशिवाय दुसरा न काढणं. शॉक ॲब्झॉर्बर उघडल्यावर माणूस थांबेपर्यंत खाली साधारण सहा मीटर मोकळी जागा लागते. बुटक्या मास्टवर ती नसते, तिथे लांबी आपोआप आवरणारं उपकरण हवं. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच धोका सुरू होतो. म्हणून सुटकेचा संच आणि तो वापरता येणारा दुसरा माणूस साइटवरच असला पाहिजे, अग्निशमन दलाची वाट बघणं हा आराखडा होत नाही. अँटेनासमोर काम असेल, तर सेल बंद केल्याची खात्री फोनवरच्या शब्दावर न सोडता अंगावरच्या आरएफ मॉनिटरने करायची. शेजारच्या ऑपरेटरचा अँटेनाही त्याच टॉवरवर असतो.

मॅनहोलमध्ये उतरण्याआधी हवा मोजायची, वरून खालीपर्यंत, आणि याच क्रमाने: ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन आधी, कारण तो कमी असेल तर ज्वालाग्राही वायूचा सेन्सर चुकीचा आकडा दाखवू शकतो. फायबर जोडताना उडालेले तुकडे चिकटपट्टीवर घेऊन बंद डब्यात. शेवटचं म्हणजे, चालू फायबरच्या टोकात डोळा घालायचा नाही. 1490 किंवा 1550 नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही.

रात्रपाळीकडे कंपन्या फार हलक्या हाताने बघतात. डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम 2007 मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि 2019 मध्ये ते कायम ठेवलं. नेटवर्कमधले बदल मध्यरात्री ते पहाट या वेळेतच होतात, हे टाळता येत नाही. पण पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या ठेवता येतात. बदलाच्या रात्रीनंतर 11 तासांची सलग विश्रांती देता येते, म्हणजे सकाळी दहाची बैठक त्या माणसासाठी नाही. आणि ऑन-कॉलला फोन वाजला नाही तरी मोबदला देता येतो. जे बदल ग्राहकाला जाणवत नाहीत, ते दिवसा करण्याची यादी बनवली तर कित्येक रात्री वाचतात.

तांब्याची जाळी आणि 3जी बंद होत चालले आहेत. विजेच्या दृष्टीने हे योग्यच. पण तांब्यावर वीस-पंचवीस वर्षं घालवलेली माणसं त्यासोबत भंगारात काढायची नसतात. रंगसंकेत, डक्टचे रस्ते, कुठल्या चेंबरमध्ये पाणी भरतं, हे ज्ञान त्यांच्याकडे असतं. फ्यूजन स्प्लायसिंग (फायबर वितळवून जोडणं) शिकायला सरावाचे काही आठवडे लागतात: फायबरची सफाई, एका अंशाच्या आतला क्लीव्ह (सरळ काप), 0.1 डेसिबलच्या आतला जोड. फ्रान्स टेलिकॉमने 2006 ते 2008 या काळात 22,000 पदं कमी करायचं ठरवलं आणि लोकांनी स्वतःहून सोडून जावं म्हणून बदल्यांचा, कामं बदलण्याचा ताण वाढवत नेला. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. डिसेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी वरिष्ठांना मानसिक छळाबद्दल दोषी ठरवलं. कंपनीला 75,000 युरो दंड झाला. तंत्रज्ञान बदलण्याच्या प्रत्येक योजनेत माणसांचा आराखडा आधी का हवा, हे यापेक्षा स्पष्ट करायची गरज नाही.

अशा कंपनीत नोकरी घेणाऱ्याने मुलाखतीत तीन गोष्टी नक्की विचाराव्यात. वारा किती झाला की चढणं थांबवता, आणि थांबवायचा अधिकार चढणाऱ्याला आहे की फोनवरच्या सुपरवायझरला? बदलाच्या रात्रीनंतरचा दिवस रजेतून कापला जातो का? एकाच साइटवर एकाच बिघाडासाठी पुन्हा जावं लागण्याचं प्रमाण मोजता का? अहवाल वाचणाऱ्याने डिझेलचे लिटर, भरलेल्या गॅसचे किलो आणि एकूण युनिट शोधावेत, मग दहा लाख तासांमागे किती दुखापती झाल्या ते पाहावं, आणि त्या तासांत कंत्राटदाराची माणसं धरली आहेत का, हे तळटीपेत तपासावं. तळटीप नसेल तर थेट विचारावं. संपर्काचा ईमेल बहुधा अहवालाच्या शेवटच्या पानांवर असतो.